‘मला सांगायचं ना!’

गॅस संपतो तो नेमका भात अर्धा शिजलेला असताना, आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून हमखास आवाज येतो, ‘अगं, मला सांगायचं ना, मी बुक केला असता!’ वाक्यात खोट काढायला जागा नाही. माणूस मदतीला तयार आहे, आवाजही चढलेला नाही. तरी ऐकणारीच्या अंगाचा तिळपापड होतो आणि तो का झाला हे तिला स्वतःलाही चटकन सांगता येत नाही. सिलिंडर कधी लावला ती तारीख लक्षात ठेवणं, पाहुणे आले की तो लवकर संपणार हे ओळखणं, दुसरा भरलेला आहे की नाही ते बघणं आणि वेळेवर आठवण करणं ही सगळी कामं त्या एका वाक्यानं पुन्हा तिच्याच पदरात पडलेली असतात. समोरच्यानं देऊ केलं ते फक्त फोनवरचं बुकिंग. दोन मिनिटांचं.

‘कामं वाटून घ्या’ हा सल्ला आपण मासिकांतून इतकी वर्षं वाचतोय की तो आता डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. तो पाळणारी घरंही आहेत. नवरा भांडी घासतो, मुलगी कपडे वाळत घालते. तरी बाई दमलेलीच. कारण वाटली जाते ती हमाली, मुकादमी मात्र तिच्याकडेच राहते. कुणी, काय, कधी करायचं आणि ते झालं की नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. या आकड्यानं कुणाला धक्का बसावा असं काही नाही. पण सकाळच्या लोकलमध्ये दांड्याला धरून उभी असलेली बाई मनात ‘धाकट्याची फी, सासूबाईंची बीपीची गोळी, उद्या पाणी नाही’ असं घोकत असते, त्या वेळाची नोंद ‘प्रवास’ म्हणून होते. म्हणजे ते २८९ सुद्धा कमीच.

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये राहणाऱ्या आईची ही मनातली यादी जरा जास्तच लांब असते. नळाची वेळ, शेअर रिक्षा, अंबरनाथ-बदलापूरहून भरून येणारी गाडी, जुनी इमारत आणि गजानन मार्केटच्या गर्दीतून शाळेतून परतणारी मुलं. घर बॅरेकमधलं असो की नेहरू चौकाजवळच्या इमारतीत, यादी तीच. म्हणून पुढे लिहिलंय ते वेळ वाचवण्याबद्दल थोडं आणि मुकादमी सोडण्याबद्दल जास्त आहे.

सुरुवात भिंतीपासून करा. भिंतीवर ‘कालनिर्णय’ असेलच. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत पंचांग आहे, भविष्य आहे, मागच्या पानावर पाककृती आहेत. पण घरोघरी ती खरी उपयोगाला येते ती तारखांच्या चौकटीतल्या मोकळ्या जागेमुळे. दुधाचे खाडे, कामवालीच्या सुट्ट्या, सिलिंडर लावल्याची तारीख. आता जाऊन एकदा नीट बघा. सगळं एकाच हस्ताक्षरात लिहिलेलं असेल. तेच बदलायचं आहे. दिनदर्शिका ओट्याजवळून काढून चपलांच्या कपाटाशी, जाता-येता सगळ्यांना दिसेल अशी लावा. सुतळीनं पेन बांधा, नाहीतर ते दोन दिवसांत दप्तरात जाईल. आणि एकच नियम करा: ज्याचं काम, त्याचं अक्षर. सिलिंडर नवऱ्याकडे दिला असेल तर तो लावल्याची तारीख तोच लिहील, महिन्याचा अंदाज तोच बांधेल, बुक तोच करेल आणि संपला तर बाहेरून काय आणायचं तेही तोच ठरवेल. तुम्ही आठवण करायची नाही. ‘बघितलंस का रे?’ एवढंसुद्धा नाही.

काम देताना अख्खं द्या, तुकडा देऊ नका. ‘जरा कोथिंबीर आण’ हा तुकडा झाला. ‘आठवड्याची भाजी तुझी’ हे अख्खं काम. त्यात काय संपलंय ते बघणं आलं, पिशवी घेणं आलं, सुटे पैसे आले आणि भोपळा कुणालाच आवडत नाही हे लक्षात ठेवणंही आलं. सातवी-आठवीतल्या मुलीकडे किंवा मुलाकडे (मुलाकडे आधी, कारण मुलीकडे ते न सांगता जातंच) स्वतःच्या शाळेचं सगळं देता येतं: गणवेश, वह्या, प्रकल्पाचा पुठ्ठा, सहलीचा फॉर्म. रात्री दहा वाजता ‘आई, उद्या पुठ्ठा लागणार आहे’ असं म्हणणाऱ्या मुलासाठी दुकान उघडं मिळतं का बघायला धावू नका. एकदा पुठ्ठ्याविना जाऊ दे. शाळेत ओरडा बसेल तो त्याला बसेल.

इथे बहुतेकींचा पाय अडतो. आपल्याला चुका बघवत नाहीत. सिलिंडर एकदा संपणारच, त्या दिवशी वडापाव आणायचा आणि त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. मात्र दोन गोष्टींत हा प्रयोग करू नये. म्हाताऱ्या माणसाची औषधं आणि लहान मुलाला कुणी, कुठून आणायचं. तिथे चूक परवडत नाही, म्हणून तिथे दोघांनीही लक्ष ठेवायचं आणि दोघांचीही अक्षरं असायची.

घरात सासूबाई असतील तर त्यांचीही एक मुकादमी असते आणि ती तुमच्यापेक्षा जुनी असते. वाण्याची यादी, सणावाराचं सामान, कुणाच्या घरी आहेर किती गेला होता हे सगळं त्यांच्या डोक्यात पाठ असतं. ते हातातून काढून घेण्याचा खटाटोप करू नका. उलट तो कारभार बिनबोभाट त्यांच्याकडे राहू द्या. दोन मुकादम एकाच कामावर असले की कामापेक्षा धुसफूस जास्त होते, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. आणि एक सांगते, कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यावर रोज आठवणी टाकणं हा या सगळ्यावरचा उपाय नाही. तिथे टाकणारी बाईच असते आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात.

पाण्याचं काम घरातल्या सर्वांत जास्त मोबाइल बघणाऱ्या माणसाला द्या. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. आपल्या शहराला पाणी येतं ते एमआयडीसीकडून, बारवी धरणातलं. उल्हास नदीतून उचललेलं हे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन पुढे येतं. तिथे किंवा वाटेतल्या जलवाहिनीवर दुरुस्ती निघाली की अंबरनाथपासून कळवा-मुंब्र्यापर्यंत नळ कोरडे पडतात, पण त्याची बातमी बहुतेक वेळा आधी आलेली असते. ती घरात कळते मात्र नळातून फुस्स आवाज आल्यावर. दिवसभर रील्स बघणाऱ्या पोराला ही बातमी हेरण्याचं आणि कालनिर्णयवर लिहिण्याचं काम दिलं की ते चोख होतं. पाणी बंदचा दिवस एक असला तरी भरताना दोन दिवसांचं भरा, कारण दुसऱ्या दिवशी दाब कमी असतो आणि वरच्या मजल्यावर धार येत नाही. बंदनंतरचं पहिलं पाणी गढूळ असेल तर ते लादी पुसायला आणि संडासात टाकायला वेगळं काढा, पिण्याचं उकळून घ्या. पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, गटारात नाही.

आता गाडी. कॅम्प २ ला स्टेशन जवळ असून नसल्यासारखं आहे. उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि शहाड, तिन्हीकडे रिक्षानंच जावं लागतं. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी कर्जत मार्गावर, शहाड कसारा मार्गावर. सकाळी कर्जत-बदलापूरकडून येणारी गाडी उल्हासनगरला पोचते तेव्हाच महिलांच्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे बऱ्याच जणी शेअर रिक्षानं थेट कल्याण गाठतात आणि कल्याणहून सुटणारी गाडी पकडतात. काही जणी डाउन गाडीनं अंबरनाथला जाऊन तीच गाडी परत फिरताना बसून येतात. यात शहाणपण आहे, पण पास अंबरनाथपासूनचा काढलेला हवा. उल्हासनगरचा पास घेऊन मागे जाऊन बसणं हा विनातिकीट प्रवासच आहे आणि पकडलं गेल्यावर भर गर्दीत ती हुज्जत घालण्यात काही मजा नाही. पास तिमाही काढा. तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे वर्षाला बारा वेळा लक्षात ठेवायची गोष्ट चार वेळांवर येते.

परतीच्या गाडीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. महिलांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो दर काही महिन्यांनी कौतुकानं छापून येतात. ‘वेळेचं नियोजन शिकावं ते यांच्याकडून’ वगैरे. मला तो फोटो अजिबात आवडत नाही. दादर ते कल्याण हा दिवसातला असा एकच तुकडा आहे की जिथे कुणी आपल्याला ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. तिथेही मेथी? भाजी निवडलेली विकत घ्या, पाच-दहा रुपये जास्त जाऊ देत, किंवा ती घरी नेऊन टीव्हीसमोर बसलेल्या मंडळींच्या मध्ये परात ठेवा. गाडीत जागा मिळाली तर झोपा. नाही मिळाली तर गाणी ऐका, शेजारणीशी भांडा, काहीही करा, पण घरकाम करू नका.

स्वयंपाकात मात्र आपल्याला इथे एक सोय आहे जी ठाण्या-डोंबिवलीच्या बाईला सहज मिळत नाही. शेजारी सिंधी घर असतं. हे शहर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलं. लष्कराच्या कल्याण ट्रान्झिट कॅम्पच्या जागी ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि नदीच्या नावावरून उल्हासनगर असं नाव पडलं. बॅरेकमध्ये एका खोलीत, एका चुलीवर संसार उभे केलेल्या बायकांचा स्वयंपाक आटोपशीर असणारच. मराठी घरात आपण पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असं ताट धरून बसतो आणि कामावरून आल्यावर त्यातलं एक कमी झालं तरी अपराधी वाटून घेतो. शेजारच्या भाभींकडून दोन पदार्थ शिकून घ्या.

पहिला साई भाजी. पालक, त्याच्या जोडीला थोडा चुका आणि मूठभर शेपू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि घरात उरलेलं एखादं वांगं, बटाटा, गाजर, टोमॅटो. आलं, लसूण, मिरची, हळद. सगळं एकाच कुकरमध्ये. डाळ शिजली की रवीनं घोटायचं, मिक्सरमध्ये अजिबात नाही, लगदा होतो. वरून लसणीची फोडणी. चुक्याच्या आंबटपणामुळे वेगळी चिंच लागत नाही. जे पोर पालकाची भाजी ताटात डाव्या बाजूला सरकवतं तेच भातावर ही भाजी घेऊन खातं, कारण त्यात काय काय आहे ते त्याला ओळखू येत नाही. भाजी, वरण आणि पालेभाजी असं तीन पदार्थांचं काम एका भांड्यात. भांडी घासणाऱ्यावरही दया होते.

दुसरी कोकी. कणकेत बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणे असतील तर ते, मीठ आणि तेलाचं चांगलं मोहन. पाणी अगदी कमी, पीठ घट्ट. जाडसर लाटून तव्यावर दोन्हीकडून थोडीशीच भाजायची, मग उतरवून गरम असतानाच पुन्हा लाटायची, सुरीनं दोन-चार टोचे मारायचे आणि मंद आचेवर तेल-तूप सोडत खरपूस करायची. घाई केली तर आत कच्ची राहते. पहिल्या फेरीची अर्धवट भाजणी रात्री करून ठेवता येते. सकाळी फक्त दुसरी फेरी. डब्यात दही किंवा लोणच्याबरोबर दिली की भाजीचा प्रश्नच उरत नाही.

आणि थदडी. रक्षाबंधनानंतर येणाऱ्या सप्तमीला सिंधी घरांत चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी गोड लोला, कोकी, तळलेली कारली, दहीवड्यांसारखे पदार्थ करून ठेवायचे आणि थदडीला सगळ्यांनी थंडच खायचं. शीतळादेवीचा सण आहे, त्यामागची श्रद्धा ज्याची त्याची. आपल्याकडेही शिळासप्तमी आहेच, आपण ती विसरलो इतकंच. माझं म्हणणं असं की महिन्यातून एक दिवस घरात थदडी पाळायला काय हरकत आहे? आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून केलेलं, दुसऱ्या दिवशी गार खायचं. दहीभात, धपाटे, चटणी, काकडी. ओट्यावर एकही भांडं चढणार नाही. सवय नसल्यामुळे पहिल्या खेपेला कुणीतरी ‘निदान चहा तरी’ म्हणेलच. चहाला सूट द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण करायचा तो ज्यानं मागितला त्यानं.

मुलं शाळेतून आल्यापासून आपण घरी पोचेपर्यंतचा वेळ हा नोकरी करणाऱ्या आईच्या पोटातला गोळा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले, तेव्हापासून आपल्या या पट्ट्यातल्या एकाही आईला तो गोळा विसरता आलेला नाही. रडून, घाबरून मुलांना घरात कोंडण्यापेक्षा शाळेत जाऊन विचारायच्या काही गोष्टी आहेत. राज्य सरकारच्या मार्च २०२२ च्या निर्णयानुसार शाळेत ‘सखी सावित्री समिती’ असायला हवी. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्यात पालकांपैकी कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं ते विचारा, बाई असते की पुरुष. सीसीटीव्ही आहेत का एवढंच विचारून थांबू नका. ते चालू आहेत का आणि चित्रण कोण बघतं तेही विचारा. पालकसभेत हे विचारायला एकटीला संकोच वाटतो, म्हणून आधी आणखी दोघी-तिघींना गाठा आणि बाबांनाही घेऊन जा. शाळेच्या दारात बाबा दिसणं हीसुद्धा आपल्याकडे अजून बातमी आहे.

घरात मुलाशी बोलायचं ते एकदा बसवून भाषण देऊन नको. अंघोळ घालताना, केस विंचरताना, साध्या शब्दांत. शरीराचे खासगी भाग कोणते, तिथे कुणी हात लावला आणि ‘आईला सांगू नकोस’ म्हणालं तर ते लगेच आईला किंवा बाबांना सांगायचं, ते सांगितल्यावर कुणी रागावणार नाही. हे शेवटचं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण कप फुटला की आपण रागावतो हे मुलानं पाहिलेलं असतं. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. गाडीत अडचण आली तर रेल्वेचा १३९ आणि महिलांसाठी १८१ हेही. किल्ली मुलाच्या गळ्यात दिसेल अशी अडकवू नका. घरी कोणी नाही हे त्यावरून सगळ्या गल्लीला कळतं. एक किल्ली शेजारी आणि पोचल्यावर एक मिस्ड कॉल, एवढी पद्धत पुरते.

आता जे लिहिणार आहे ते ‘आईच्या कामां’च्या यादीत सहसा नसतं. स्लॅब. मे २०२१ मध्ये आपल्याच कॅम्प २ मध्ये, नेहरू चौकातल्या साई शक्ती इमारतीचा स्लॅब कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात त्याआधी कॅम्प १ मध्येही असंच घडलं होतं. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्याला घेऊन थेट तळमजल्यापर्यंत येतो, त्यामुळे आपलं घर ठीक आहे म्हणून भागत नाही. सोसायटीच्या बैठकीला पुरुष जातात, पण छताचा पापुद्रा कुठे पडतो ते घरात सर्वांत जास्त वावरणाऱ्या बाईलाच आधी दिसतं. सकाळी केर काढताना सिमेंटचा चुरा सुपलीत येतो. तो नुसता झाडून टाकू नका. कुठे पडला तिथे पेन्सिलीनं खूण करा, तारखेसह फोटो काढा. गंजलेली सळई उघडी पडणं, त्याच जागी पुन्हा पुन्हा ओल येणं, बीम जिथे खांबाला मिळतो तिथे तिरकी चीर जाणं, रोज सहज लागणारं दार अचानक अडकायला लागणं, या खुणा दिसल्या तर लिहून सोसायटीला द्या आणि प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात पोच घेऊन द्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे; अहवाल बघायला मागा. आणि मेहेरबानी करून पीओपीचं छत लावून वरची चीर झाकू नका. दिवाळीला घर सुंदर दिसेल, पण वर काय चाललंय ते त्यानंतर कुणालाच दिसणार नाही. ‘वरच्या मजल्यावर लाद्या बदलतायत, किती दणके देतायत’ म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा वर जाऊन इंजिनीअरला विचारलंय का, हे विचारून या.

इमारत रिकामी करा म्हणून सांगतात तेव्हा दहा मिनिटं मिळतात, कधी तीही नाही. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतात आणि मग दाखला काढायला महिनोन्महिने खेटे घालतात. सिंधमधून आलेल्यांना मागे राहिलेल्या घरादाराचे क्लेम भरावे लागले, तेव्हा कागद असणं आणि नसणं यांतला फरक या शहरानं एकदा पुरता अनुभवला आहे. म्हणून चेनची एक पिशवी दाराजवळच्या कपाटात ठेवा. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, जातीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, घराचा करार किंवा सनद असेल तर तिची प्रत, पासबुकाचं पहिलं पान, चालू औषधांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद तिजोरीत ठेवणार असाल तर साक्षांकित प्रती पिशवीत आणि फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. ही पिशवी कुठे आहे हे घरातल्या सातवीतल्या पोरालाही ठाऊक हवं. कागदांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांवर राज्यात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. जन्मदाखला हातात घेतानाच तो तपासा आणि आईच्या नावाचं स्पेलिंग तिच्या आधारवर आहे तसंच आहे ना ते बघा. एका अक्षराच्या फरकानं पुढे शाळाप्रवेशात काय वैताग होतो ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको.

भिशीबद्दल थोडक्यात. ओळखीच्या दहा-बारा जणींची, दर महिन्याला समोरासमोर पैसे मोजून वहीत सह्या घेणारी भिशी ठीक आहे, त्यातून पावसाळ्याआधीचं वॉटरप्रूफिंग आणि जूनच्या फीची सोय होते. कुणीतरी ‘दामदुप्पट’ म्हणायला लागलं, किंवा भिशी चालवणारीला तुम्ही प्रत्यक्ष घरी जाऊन ओळखत नसाल, तर हात जोडून बाहेर पडा.

स्वतःच्या तब्येतीसाठी कालनिर्णयवर तुमच्याही अक्षरात एक तारीख असू द्या, वर्षाची सुरुवात असतानाच. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब. दिवसभर चक्कर येते, केस गळतात, जिना चढताना धाप लागते, ते ‘धावपळीमुळे’ म्हणून सोडून देणाऱ्या कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन नुसतंच खाली गेलेलं असतं आणि ते कळायला एक साधी रक्ततपासणी लागते. नोकरीत पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर ते कार्ड नुसतं कपाटात ठेवायला नाही. तपासणीच्या तारखेला कोण रजा घेऊन मुलांना सांभाळणार हे त्या चौकटीत, सांभाळणाऱ्याच्याच अक्षरात लिहून घ्या.

हे सगळं जूनमध्ये सुरू करू नका. शाळा उघडलेल्या असतात, पाऊस लागलेला असतो, छत्र्या, रेनकोट, वह्यांना कव्हरं यात घर आधीच गांगरलेलं असतं आणि असल्या वेळी कुणीही काही सोपवलं तर ते आठ दिवसांत परत येतं. दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले की घरात दोन-तीन आठवडे निवांत मिळतात. तेव्हा नवं कालनिर्णय घरात आलेलंही असतं. पहिल्या महिन्यात एकच काम सोडा, सिलिंडर किंवा भाजी. ते तुमच्या मनातून खरोखर उतरलं आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: कुणी अचानक विचारलं, ‘गॅस किती दिवसांचा उरलाय गं?’ आणि तुम्हाला उत्तर आलं नाही, की दुसरं काम सोडायला हरकत नाही.